कच्चं इंग्रजी

सुकुमार चौगुले यांचं नाव ठेवताना घरच्यांनी फार पुढचा विचार केलेला नव्हता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत तेहेतीस वर्षं काढलेला हा माणूस हात पुढे करी, तेव्हा समोरच्याला आधी तळवा दिसे आणि माणूस नंतर.

२०४१ साली त्या फौंड्रीत लोखंडाचा रस ओतायला यंत्रांचे हात होते आणि तयार कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासायला क्ष-किरणांचा बोगदा होता. तरी बोगद्यातून पास होऊन आलेल्या शंभरातल्या पाच कास्टिंगांवर सुकुमार आण्णा छोटी हातोडी मारून आवाज ऐकत. वर्षातून दोन-तीन वेळा ते मान हलवून एखादं बाजूला काढत, आणि कापून पाहिलं की आत पोकळी निघे. त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकं आली की कंपनी त्यांना देवदर्शनाला न्यावं तशी आण्णांसमोर नेई.

मागच्या पाहणीत तिथंच घात झाला. पाहुणे कामगारांना थेट इंग्रजीत प्रश्न विचारणार म्हणून मॅनेजरनं सगळ्यांना एकच उत्तर पाठ करायला लावलं होतं: काहीही विचारलं तरी म्हणायचं, "ॲज पर प्रोसीजर, सर." पाहुणी जर्मन बाई होती. तिनं आण्णांना हात कुठं धुवायचे विचारलं. आण्णा म्हणाले, "ॲज पर प्रोसीजर, सर." ती हसली. मग तिनं हातोडीकडे बोट दाखवून विचारलं की, नुसत्या आवाजावरून आतली पोकळी तुम्हाला कळते तरी कशी? या प्रश्नाची आण्णा तेहेतीस वर्षं वाट पाहत होते. उत्तर तयार होतं, मराठीत चांगलं अर्धा तास पुरेल इतकं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ॲज पर प्रोसीजर, सर."

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये दिलावर मुल्लाणी शेजारी येऊन बसला. हा साच्याच्या खात्यातला आणि आण्णांचा वीस वर्षांचा सोबती.

"काय आण्णा, पाहुण्याबाईला हात धुवायला पण प्रोसीजर सांगितलासा म्हणं?"

"गप की."

"मी म्हणतो, बरोबरच हाय. साबण, पाणी, टॉवेल. प्रोसीजरच की ती!"

आठवड्यानं नोटीस लागली. तपासणी खात्यातल्या प्रत्येकानं सहा महिन्यांत बोलण्याच्या इंग्रजीची तिसरी पायरी गाठायची. नाही गाठली तर मागच्या यार्डात भंगार निवडायला.

शिकवायला बेळगावच्या गिरिजा कट्टी मॅडम आल्या. फळा नाही, पुस्तक नाही. त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यावर कातडीच्या रंगाची एक पट्टी चिकटवली, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

"तुम्हाला इंग्रजी येत नाही हे आधी डोक्यातून काढा," त्या म्हणाल्या. "शाळेत आठ-दहा वर्षं शिकलाय तुम्ही. शब्द आत पडलेत. बाहेर का येत नाहीत ते आपण मोजायचं."

त्यांचं म्हणणं असं. माणूस बोलायच्या पाव सेकंद आधी त्याच्या स्वरयंत्राचे स्नायू तयारीला लागतात. एक ओढ म्हणते बोल, दुसरी म्हणते गिळ. शब्द नंतर येतो, ही ओढाताण आधी होते. पट्टी ती मोजते आणि शून्य ते शंभरात आकडा देते. फार ताण दिसला तर गळ्याला हलकी थरथर देऊन स्नायू सैल करते. या आकड्याला शास्त्रात लांबलचक नाव होतं. मॅडमनी सुटसुटीत नाव दिलं, भीड.

"समोर कोण आहे त्यावर भीड बदलते," मॅडम म्हणाल्या. "साहेबासमोर वेगळी, भाजीवालीसमोर वेगळी. म्हणून ओळखीच्या एका माणसाशी रोज वीस मिनिटं इंग्रजी बोलायचं. फॉर्मवर त्याचं नाव लिहा."

आण्णांनी फॉर्म वाचला नाही. दोन वर्षांपूर्वी बायको, राजमती, वारली. तेव्हापासून दवाखाना असो, गॅस असो की बँक, कागदावर माणसाचं नाव विचारलं की त्यांचा हात आपोआप लिही: त्रिशला सुकुमार चौगुले, मुलगी. अडीअडचणीला कुणाला कळवायचं ते विचारत असतील, असं समजून त्यांनी इथंही तेच लिहिलं.

आता ही चूक किती मोठी, ते कळायला चौगुल्यांच्या घरची रीत माहीत हवी. जयसिंगपूरच्या त्या घरात बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, जीव होता. पण बोलणं राजमतीमार्फत व्हायचं. लेक आईला सांगे, "आण्णांना विचार, ड्रेस निळा घेऊ की पिवळा." आण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणत, "बघ म्हणावं तुझं तू." राजमती आतल्या खोलीत जाऊन सांगे, "निळा घे म्हणालेत. पिवळा तुला खुलत नाही म्हणालेत." आण्णांनी निळा हा शब्द उच्चारलेलाही नसे, पण मनात निळाच असे. राजमतीला ते कसं कळे, हे तिलाच ठाऊक.

ती गेली आणि मधली खिडकी बंद झाली. त्रिशला अठ्ठावीस वर्षांची, माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. शिरोळ भागातल्या खारावलेल्या जमिनी पुन्हा पिकत्या कशा करायच्या, यावर तिचं काम. गेल्या दोन वर्षांत बाप-लेकीमध्ये जी काही वाक्यं झाली त्यांची टिपणी केली तर रोजची चार भरत: जेवलासा? टाकी भरली. गॅस बंद केलास? येतो. रविवारी तीनच, कारण रविवारी येतो नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्रिशला फोन हातात धरून स्वयंपाकघरात आली.

"आण्णा, मला मेसेज आलाय. तुम्ही मला सरावाचा जोडीदार नेमलंय म्हणून."

"फॉर्मवर होतं."

"काय होतं?"

"नाव."

ती समोर बसली. तिच्या फोनवर आण्णांच्या भिडेचा आकडा दिसत होता. या तीन-चार मराठी शब्दांना तो अठ्ठ्याऐंशीवर गेला होता. बस यायला अजून चाळीस मिनिटं होती आणि चहा समोर होता. पळायला वाट नव्हती.

आण्णांनी घसा खाकरला. "माय नेम इज सुकुमार चौगुले. आय ॲम हेल्दी अँड पंक्च्युअल."

"आय नो युअर नेम, आण्णा."

पाठ केलेलं तिथंच संपलं. आण्णांनी कपाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, परत कपाकडे पाहिलं.

"टी," ते म्हणाले. "टी इज नॉट गुड."

"काय?"

"युअर टी. टू इयर्स, नॉट गुड. आय ड्रिंक. आय नॉट टेल."

त्रिशला जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांत ते घर असं हसलेलं नव्हतं. आण्णाही ओठ दाबून हसले. फोनवरचा आकडा नऊ होता.

मग ते सुरूच झालं. रोज वीस मिनिटं ठरलेली, ती पस्तीस होत. आण्णांच्या इंग्रजीला ना काळ होता ना वेळ, क्रियापदं भेटतील तशी येत. पण त्या मोडक्या गाडीतून काय काय माल उतरत होता! तिच्या बारावीच्या निकालाचं पेपरातलं कात्रण त्यांनी डब्याच्या पिशवीत सात वर्षं ठेवलं होतं. पिशवी धुतली गेली तेव्हा गेलं. तिच्या आत्याचा नवरा त्यांना पहिल्यापासून आवडत नाही. एकदा लोखंडाच्या रसाचे थेंब उडून पाय भाजला तेव्हा घरी सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं. आणि एका सकाळी, पोहे खाता खाता, सहज:

"आय स्लीप हर साइड नाऊ."

"आईच्या बाजूला?"

"यस. माय साइड एम्प्टी, ओके. हर साइड एम्प्टी, नॉट ओके."

आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. आकडा अकरा.

त्रिशलाही बोलू लागली. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, आईनं ते झाकलं. इचलकरंजीच्या स्थळाला तिनं नकार दिला तो नोकरीसाठी नव्हे. मुलगा हॉटेलात वेटरला टाकून बोलला म्हणून. "गुड," आण्णा म्हणाले. "व्हेरी गुड. आय ऑल्सो नॉट लाइक. हिज शूज टू मच शाइन."

मातीचे नमुने नोंदवायची सवय असलेली ही मुलगी. तिनं आण्णांनी सांगितलेली एकेक गोष्ट तारीख घालून वहीत लिहायला सुरुवात केली. ऑक्टोबर संपता संपता नोंदी झाल्या एकेचाळीस.

कट्टी मॅडम मात्र आलेखाकडे पाहून बुचकळ्यात पडल्या होत्या. त्यांनी आण्णांना बोलावून घेतलं.

"चौगुले, सगळ्यांचं उलटं असतं. घरी मराठीत भीड कमी, इंग्रजीत जास्त. तुमची मुलीशी मराठीत अठ्ठ्याऐंशी आणि इंग्रजीत नऊ?"

"इंग्रजीत काय, बोलून टाकायचं. ते कुठं लागतंय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अगदी बरोबर बोललात. ते लागत नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी शिकलेला शब्द एकटा येत नाही. ओरडा खाल्लेला दिवस, आईची मांडी, कुणाचं तरी जाणं, हे सगळं त्याला चिकटून येतं. म्हणून तो जड असतो. मोठेपणी शिकलेला शब्द कोरा असतो. मराठीत शिवी द्यायला जीभ अडते, परक्या भाषेत ती सहज सुटते, आणि मायेच्या शब्दाचंही तसंच. "तुमचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून हलकं आहे," त्या म्हणाल्या. "पण कच्चं ठेवून चालणार नाही. कोरे शब्द आयत्या वेळी आठवत नाहीत. पुढच्या महिन्यापासून मुरवणी सुरू."

मुरवणी म्हणजे कानामागं चिकटवायचा तांदळाएवढा मणी. राग, हसू, हुंदका यांची गळ्यातली चाल वेगवेगळी असते, आणि पट्टीला ती ओळखता येते. भावना उठली की नेमक्या त्याच क्षणी मणी हाडातून तिचं इंग्रजी ऐकवतो. बस चुकली, चिडलात, की कानात चिडल्याचं वाक्य. मूल भाषा शिकतं ते असंच, भावना आणि शब्द एकाच घासात. वर्षांचं काम महिन्यांत होई. दिवसाला दोन तास मणी लावायचा, असा नियम होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्रिशलाला पत्र आलं. खाऱ्या जमिनीवर पिकं घेण्याचं शास्त्र सगळ्यात पुढं गेलेला देश म्हणजे नेदरलँड्स; तिथल्या विद्यापीठानं तिला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. पंधरा जानेवारीपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. बातमी इतकी मोठी होती की इंग्रजी सुचलंच नाही. ती मराठीत सांगून बसली.

आण्णांचा घास तोंडाशी थांबला. छातीत एकाच वेळी दोन गोष्टी उठल्या. एक म्हणाली, जाऊ दे पोरीला, शिरोळकडच्या खाऱ्या जमिनी हिची वाट बघतायत. दुसरी म्हणाली, मग ह्या घरात मी कुणाशी बोलू? आणि दोन्ही एकदम दारात आल्या की होतं ते झालं.

"बघ तुझं तू," आण्णा म्हणाले.

अर्थ लावून सांगायला राजमती नव्हती. त्रिशलानं ताट उचललं आणि आत गेली. तिला ऐकू आलं ते असं, की जायचं तर जा, मला विचारू नको.

उद्या सकाळी इंग्रजीत सांगून टाकायचं, आण्णांनी ठरवलं. आकडा नऊ, काम सोपं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालातली खोट काढणारा माणूस हा. सकाळी तोंड उघडताना त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. एवढी मोठी गोष्ट 'यू गो, आय ओके' अशी सांगायची? पोर आयुष्यभर लक्षात ठेवील ते वाक्य असलं पोकळ? नाही. दोन महिने हातात आहेत. इंग्रजी नीट करू, वाक्य घासून पुसून करू आणि मग देऊ. गडी कामाला लागला. मणी दोन तास लावायचा तो त्यांनी चौदा तास लावला, अंघोळीपुरता काढत.

वाक्य दिलावरच्या मदतीनं बसमध्ये घडत गेलं.

"त्रिशला, यू शुड गो," आण्णा पुटपुटत. "आय शॅल मॅनेज, अँड आय शॅल बी प्राउड."

"मॅनेज नको हो. मॅनेजर आठवतोय."

"मग काय म्हणू?"

"आय शॅल बी फाइन म्हणा. फाइन म्हणजे साच्याची बारीक रेती पण, आपल्याला जवळचं."

इकडे मणी आपलं काम चोख करत होता. हातोडीखाली एखादं कास्टिंग खणखणीत वाजलं की कानात कुणीतरी म्हणे, "लव्हली." आणि आण्णांना ते खरंच लव्हली वाटे. डिसेंबरात एका दुपारी त्यांनी स्वेटर शोधायला कपाट उघडलं. तळाशी राजमतीची मोरपंखी साडी होती. हात लागला, गळा दाटला, आणि कानामागून हळूच आवाज आला, "आय मिस हर." मराठीत हे वाक्य त्यांनी कधी मनातही म्हटलं नव्हतं. इंग्रजीत ते ऐकलं आणि ते पलंगाच्या कडेवर बसले. स्वेटर राहिलाच.

सकाळच्या चहाला आता सुरेख इंग्रजी बोललं जाई. त्रिशलाच्या फोनवर आकडा चढत होता. बावीस, सत्तेचाळीस, सत्तर. वाक्यांना काळ आला, वेळ आली, क्रियापदं जागच्या जागी बसली. "द वेदर इज रादर प्लेझंट टुडे," आण्णा म्हणत. "आय बिलीव्ह द बस विल बी ऑन टाइम." गाडी नवी कोरी झाली आणि माल यायचा बंद झाला. तिच्या वहीत बेचाळिसावी नोंद पडलीच नाही.

दहा जानेवारीला वाक्य तयार होतं. आण्णांनी कप बाजूला सारला, पाठ ताठ केली.

"त्रिशला," ते म्हणाले. "यू शुड…"

ती बघत होती. गळ्यावरची पट्टी थरथरायला लागली. 'गो' हा एवढासा शब्द, पण त्याला आता सगळं चिकटलेलं होतं: बसस्टॉपवर मागे वळून हात करणारी शाळेतली पोर, दवाखान्याचा जिना, मोरपंखी साडी. तो हलेना.

"ॲज यू विश," आण्णा म्हणाले.

त्रिशलाला हे वाक्य ओळखीचं वाटलं. बेसिनकडे तोंड करून तिनं दोनच कप फार वेळ धुतले.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आण्णा कट्टी मॅडमच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"मॅडम, एक काम होतं. माझं इंग्रजी परत कच्चं करून द्या."

मॅडमना थट्टा वाटली. चेहरा पाहिल्यावर त्यांनी खुर्ची पुढं केली. आण्णांनी सगळं सांगितलं, आणि मॅडमशी बोलताना त्यांना काही जड गेलं नाही, हेही एक गमतीचंच.

"चौगुले, मुरलेल्या लोणच्यातली फोड परत झाडाला कशी लावू?" त्या म्हणाल्या. "मणी काढला तरी शब्द आता तुमचे झाले. तुम्ही तिसरी पायरी गाठणार. वर्गात पहिले याल."

"पहिला नंबर नको होता मला."

बसमध्ये दिलावरनं दुसरा उपाय काढला. "कानडीत सांगा की. तुम्हाला येतीय."

"कानडी माझ्या आईची. ती ह्याहून जड."

"मग उर्दू शिकवतो. पण खरं सांगू का आण्णा, घरात खरं बोलायचं म्हटलं की माझी सगळ्या भाषांत दातखीळ बसते."

बारा तारखेला परीक्षा झाली. आवाजावरून पोकळी कशी ओळखता, हाच प्रश्न आला. आण्णा अकरा मिनिटं बोलले. चांगल्या कास्टिंगचा आवाज खोलीभर फिरून परत येतो आणि वाईटाचा आतच बसतो, हे त्यांनी असं सांगितलं की परीक्षकानं लिहायचं थांबवलं. तिसरी पायरी. यार्ड टळलं.

पंधराला संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्रिशला जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसली होती.

"अभिनंदन," ती म्हणाली. "मॅडमचा मेसेज आला होता."

"हं."

"मी नाही म्हणून कळवतेय. लिहून झालंय."

आण्णांनी पिशवी खुंटीला लावली. ती निसटून खाली पडली. ती तशीच राहिली.

"का?" ते म्हणाले.

"का म्हणजे? तुम्हाला नकोय. दोनदा विषय निघाला. दोन भाषांत सांगितलासा तुम्ही."

"तसं न्हवतं ते."

"मग कसं होतं?" तिचा आवाज चढला. "आई असती तर तिनं सांगितलं असतं कसं होतं ते. मी काय करू? मला नाही येत तुमचं बोलणं वाचायला!"

तिनं वही पुढं ओढली. "ह्यात एकेचाळीस गोष्टी आहेत. तुम्ही सांगितलेल्या. मला इतकं बरं वाटायचं, आण्णा. पण प्रत्येकीच्या पुढं आकडा लिहिलाय मी. नऊ, आठ, अकरा. आईच्या बाजूला झोपता, ते अकरावर सांगितलं. मला वाटायचं, ह्यांना खरंच काही होतं का आत? की नुसते शब्द टाकतात?" तिनं डोळे पुसले आणि सवयीनं फोनकडे नजर टाकली. पट्टी अजून आण्णांच्या गळ्यावर होती.

आकडा त्र्याण्णव होता. तिच्या डोळ्यांदेखत चौऱ्याण्णव झाला.

आण्णा एक शब्द बोलले नव्हते, नुसते खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"काय म्हणायचंय तुम्हाला?" तिनं हळू विचारलं.

गळ्यावरची पट्टी जोरात थरथरायला लागली. शिकवल्याप्रमाणे ती स्नायू सैल करू पाहत होती. आण्णांनी बोटानं ती उचकटली. "थांब गं जरा," ते पट्टीला म्हणाले आणि ती टेबलावर ठेवली. फोनवरचा आकडा मावळला. आता मोजायला कुणी नव्हतं.

"मला," आण्णा म्हणाले, आणि थांबले. हातांनी खुर्ची इतकी घट्ट धरली होती की ती कुरकुरली. "मला करमणार न्हाई."

त्रिशलानं फोन पालथा ठेवला.

"लई जड जाईल मला. घरात पाऊल टाकू नये वाटंल." मधे दोन श्वास गेले. "तरी जा. तू जायला पाहिजे. नुसती परवानगी देत न्हाई मी, माझी इच्छा हाय. माझ्या इच्छेनं जा."

चार-पाच वाक्यं. त्यासाठी त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात एक भाकरी भाजून झाली असती. कपाळावर घाम होता. भट्टीसमोरही त्यांना इतका येत नसे.

"परत म्हणा की," त्रिशला म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं.

"एकदा म्हटलंय."

"ऐकू नाही आलं."

"आलंय."

ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. आण्णांचा तो अवाढव्य हात तिच्या डोक्यावर उतरला आणि तिथंच राहिला, ठेवलाय की विसरलाय हे कळू नये असा. थोड्या वेळानं ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"पूस ते लिहिलेलं," ते म्हणाले. "नवं लिही. मी बघतो. तिसरी पायरी हाय माझी."

तिनं नकार पुसला आणि नवं पत्र लिहायला घेतलं. आपण निवड आनंदानं स्वीकारत आहोत, सप्टेंबरात हजर होऊ, असं रीतसर इंग्रजी. आण्णांनी चष्मा लावून एकेक शब्द तपासला. काही खोट निघाली नाही. तरी त्यांची मान हललीच.

"काय राहिलं?" तिनं विचारलं.

"खाली एक ओळ घाल."

"कसली?"

आण्णांनी घसा खाकरला. बोलायला जरा वेळ लागला, पण शब्द स्वच्छ आले. "माय फादर इज सेंडिंग मी."

"आण्णा! विद्यापीठाला कुणी असं लिहितं का? तिथं काय म्हणतील?"

"म्हणूदेत काय म्हणायचं ते. लिही."

त्रिशलानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आणि सहीच्या वर, एक ओळ मोकळी सोडून, तिनं ते लिहिलं.